दगडापेक्षा वीट मऊ : अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलणाऱ्या मराठी विश्लेषकांना खुलं पत्र

संपादक, स्तंभलेखक आणि वाहिन्यांवरच्या चर्चेत बसणाऱ्या सर्व विश्लेषकांना,
स.न.वि.वि.

मी मूळची सांगलीची. गेली पंचवीस वर्षं पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उत्तरेला बक्स काउंटीत राहते आणि इथे मत देते. दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारनंतर माझा भाऊ तुमच्या लेखांचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. निकाल काहीही लागो, लेखांची चाल एकच. कुणीतरी जनतेची मनं जिंकलेली असतात, कुणाची तरी जादू चाललेली असते, अमेरिकेनं कुणाला तरी डोक्यावर घेतलेलं असतं. २०१६ ला ट्रम्प, २०२० ला बायडन, २०२४ ला पुन्हा ट्रम्प. एवढी मनं जिंकली जात होती तेव्हा मी कुठे होते, असा प्रश्न पडतो. माझ्या गल्लीत तरी मत देऊन तोंड वाकडं करत परतणारी माणसंच जास्त दिसली. त्यांत मीही आले.

तक्रार एकच आहे. मत आणि माया यांत तुम्ही फरक करत नाही.

माझ्या शेजारीणबाईंपासून सुरुवात करते. सत्तरीच्या, शाळेतल्या निवृत्त ग्रंथपाल, नेमानं चर्चला जाणाऱ्या कॅथलिक. जन्मभर रिपब्लिकन. आमच्या राज्यात प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्या-त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत देता येतं. २०१६ मध्ये आमची पाळी २६ एप्रिलला आली, तोवर बहुतेक इच्छुक गळाले होते. बाईंनी ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांना मत दिलं. केसिक हरले. मग नोव्हेंबरात काय करायचं? खुद्द केसिक यांनी ट्रम्पना मत न देता मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाला उभेही नसलेल्या जॉन मॅकेन यांचं नाव हातानं लिहिलं. बाईंनी तसं केलं नाही. ट्रम्प टीव्हीवर बोलायला लागले की त्या रिमोट उचलून आवाज बंद करायच्या. चित्र हलत राहायचं, बाई विणकाम करत राहायच्या. आणि मत त्यांनाच दिलं.

कसं दिलं तेही ऐका, कारण मला तो तपशील फार आवडतो. तेव्हा आमच्या यंत्रावर आख्ख्या पक्षाला एकदम मत देणारं एक बटण असे. ते दाबलं की राष्ट्राध्यक्षापासून खालपर्यंत सगळी मतं त्या पक्षाला. बाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "त्याच्या नावाला बोटही लावावं लागलं नाही."

ही काही एकट्या बाईंची तऱ्हा नव्हती. आमचे तेव्हाचे सिनेटर पॅट टूमी त्याच मतपत्रिकेवर उभे होते. ट्रम्पना मत देणार का, या प्रश्नाला ते महिनोन्महिने बगल देत राहिले आणि शेवटी मतदान संपायला तास-सव्वातास उरला असताना सांगितलं, की दिलं. यूटाचे तेव्हाचे रिपब्लिकन खासदार जेसन चाफेट्झ तर याहून सरस. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रम्प यांची ती बायकांबद्दलची घाणेरडी बडबड असलेली टेप बाहेर आली, तेव्हा चाफेट्झ यांनी पाठिंबा काढून घेतला. आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू, असं त्यांचं म्हणणं होतं. तीनेक आठवड्यांत त्यांनी जाहीर केलं, की मी ट्रम्प यांचं समर्थन करणार नाही, त्यांची बाजूही घेणार नाही, पण मत त्यांनाच देणार, कारण हिलरी त्याहून वाईट. या वाक्यावर तेव्हा सगळे हसले. मला मात्र वाटतं, त्या वर्षी एवढं प्रामाणिक वाक्य दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याच्या तोंडून निघालं नसेल. समर्थन वेगळं आणि मत वेगळं, हे त्यानं उघडपणे सांगून टाकलं.

आता जरा आकडे. २०१६ च्या प्राथमिक फेऱ्यांत मिळून ट्रम्पना साधारण १ कोटी ४० लाख मतं पडली. नोव्हेंबरात पडली जवळजवळ ६ कोटी ३० लाख. म्हणजे त्यांना मत देणाऱ्या दर पाच जणांतल्या सुमारे चौघांनी त्यांना उमेदवार म्हणून निवडलेलं नव्हतं. एक तर दुसऱ्याला निवडलं होतं, नाहीतर प्राथमिक फेरीला गेलेच नव्हते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांची जी पाहणी झाली, तिच्यात सुमारे १८ टक्के लोकांनी सांगितलं, की दोघंही उमेदवार आपल्याला नापसंत आहेत. या लोकांत ट्रम्पना ४७ टक्के मतं मिळाली, क्लिंटनना ३०. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्यं मिळून निकालाचा फरक होता ७८ हजारांच्या आत. देशभरात क्लिंटनना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली होती ते वेगळंच. दोघांनाही कंटाळलेल्या माणसांनी ती निवडणूक फिरवली, आणि तुमच्याकडे मथळा आला करिश्म्याचा!

मग या माणसांनी मत कशाला दिलं? बाईंना मी विचारलं होतं. उत्तर एका शब्दात आलं: कोर्ट.

१३ फेब्रुवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव पाठवलं. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी त्यावर सुनावणीच होऊ दिली नाही. नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत खुर्ची रिकामी ठेवली. त्यामुळे मतपत्रिकेवर नाव ट्रम्प यांचं असलं तरी बाईंच्या लेखी निवडणूक त्या खुर्चीची होती. ट्रम्पनाही हे कळत होतं. मे महिन्यात त्यांनी ११ न्यायाधीशांची यादीच छापून टाकली, की माझ्यावर विश्वास ठेवू नका, यादीवर ठेवा. (हे शब्द माझे, पण अर्थ तोच.) प्राथमिक फेरीतले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या पत्नीच्या रूपाची ट्रम्पनी खिल्ली उडवली होती, वडिलांचं नाव केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडलं होतं. जुलैत क्लीव्हलंडच्या अधिवेशनात क्रूझ यांनी सदसद्विवेकाला स्मरून मत द्या म्हटलं आणि पक्षाच्याच लोकांकडून हुर्यो ऐकून घेतली. सप्टेंबरात तेच क्रूझ ट्रम्प यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारणांच्या यादीत पहिलं कारण दिलं सर्वोच्च न्यायालयाचं.

हा सौदा फसला का? गॉर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट असे तीन न्यायमूर्ती एका मुदतीत नेमले गेले. गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा निकाल २४ जून २०२२ ला रद्द झाला. त्या दिवशी मी रडले आणि शेजारच्या अंगणात बाई चर्चमधल्या मैत्रिणींबरोबर लिंबूपाणी पीत बसल्या होत्या. मला त्यांचं उद्दिष्ट मान्य नाही, कधीच नव्हतं. पण त्यांना भोळ्या, भुललेल्या, करिश्म्याला बळी पडलेल्या वगैरे म्हणणं शुद्ध अडाणीपणा आहे. मला जे मिळवता आलं नाही, ते त्यांनी नावडत्या माणसाच्या हातून मिळवलं.

आपल्याकडे वाजपेयींबद्दल विरोधक म्हणायचे, की माणूस चांगला, पक्ष चुकीचा. इथे ते वाक्य उलटं करून वाचा, निम्मी अमेरिका उलगडेल.

उरलेली निम्मी मोजणीच्या रीतीत आहे. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं, आणि राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर. तिसऱ्याला मत देण्याची किंमत काय, हे लोक २००० साली शिकले. फ्लोरिडात डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा बुश ५३७ मतांनी पुढे आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांच्या खात्यात ९७ हजारांवर मतं. तेव्हापासून नेडरना मत देणारा एक तरी मामा-काका प्रत्येक डेमोक्रॅट कुटुंबात टोमणे खात बसलेला असतो. नेवाडात मतपत्रिकेवर १९७० च्या दशकापासून 'यांपैकी कोणी नाही' असा पर्याय छापतात. २०१६ मध्ये त्याला २८ हजारांवर मतं पडली, आणि क्लिंटन तिथे जिंकल्या २७ हजारांनी. पण त्या मतांनी होत काहीच नाही. आपल्याकडे लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. आमदार व्हायचे ते झालेच. मेन आणि अलास्का या दोन राज्यांत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही पसंतीक्रम लिहायची सोय आहे. बाकी ठिकाणी दगड आणि वीट. वीट मऊ म्हणून ती कुणी उशाला घेत नाही.

माझं काय? मी २०१६ ला हिलरी क्लिंटनना मत दिलं आणि त्या मला आवडत नव्हत्या. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी दिलेला होकार मी विसरले नव्हते. त्यांचं मोजूनमापून हसणं, बँकवाल्यांसमोर केलेली भाषणं, सगळंच खटकायचं. निकालाच्या दिवशी भावाचा निरोप आला, "तुमच्या बाई हरल्या की गं!" मला इतका राग आला! माझ्या बाई कुठल्या? मी फक्त दाराला अडसर लावायला गेले होते. २०२० मध्ये बायडनना मत देताना तर गंमतच. प्यू या संस्थेनं त्या ऑगस्टमध्ये बायडन समर्थकांना विचारलं, की पाठिंब्याचं मुख्य कारण काय. ५६ टक्के म्हणाले, ते ट्रम्प नाहीत हेच. बायडन यांचं धोरण, अनुभव, स्वभाव सगळं त्यानंतर. राज्यशास्त्राचे अभ्यासक याला नकारात्मक पक्षनिष्ठा म्हणतात. सोप्या मराठीत, आपल्या पक्षाच्या प्रेमापेक्षा समोरच्याच्या धास्तीनं केलेलं मतदान. समोरच्या पक्षाबद्दल अत्यंत वाईट मत असणाऱ्यांचं प्रमाण १९९४ ते २०१४ या वीस वर्षांत दोन्ही पक्षांत दुपटीहून जास्त वाढलं, हेही प्यूचंच. त्या वीस वर्षांत उमेदवार अचानक गोंडस झाले नसतील तर त्यांना मतं पडली कशानं, याचा हिशेब तुम्हीच मांडा.

तुम्हाला हे फक्त अमेरिकन खूळ वाटू नये म्हणून फ्रान्सचंही सांगते. २१ एप्रिल २००२ ला पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते. डाव्यांची मतं इतकी विखुरली, की पंतप्रधान जोस्पँ तिसरे आले आणि अंतिम फेरीत शिराक विरुद्ध अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन अशी गाठ पडली. शिराक यांच्याभोवती पॅरिसच्या महापौरपदापासूनचे घोटाळ्यांचे आरोप होते. तरी डावे लोक रस्त्यावर घोषणा देत होते: फॅसिस्टापेक्षा भामट्याला मत द्या! नाकाला कपडे वाळवायचा चिमटा लावून मतदानाला जायची भाषा तेव्हा सर्रास होती. शिराकना ८२ टक्के मतं पडली. या आकड्यावरून त्यांच्या लोकप्रियतेवर अग्रलेख लिहून पाहा बरं. पुढे २०११ मध्ये त्याच महापौरपदाच्या काळातल्या गैरव्यवहारात कोर्टानं त्यांना दोषीही ठरवलं.

मतदार एवढं नाक दाबतो, त्याची जाण जिंकणाऱ्याला असते का? २४ एप्रिल २०२२ ला मॅक्राँ दुसऱ्यांदा जिंकले तेव्हा आयफेल टॉवरखाली उभं राहून त्यांनी मान्य केलं, की अनेकांनी माझ्या विचारांसाठी नाही तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी मला मत दिलं, आणि या मताचं ऋण माझ्यावर राहील. फार देखणं वाक्य. पुढच्याच मार्चमध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा त्यांच्या सरकारनं संसदेत अंतिम मतदान टाळून रेटला. ज्यांनी चिमटे लावून मत दिलं होतं, तेच पुन्हा रस्त्यावर. मॅक्राँ यांनी हा इरादा प्रचारात लपवला नव्हता हे खरं. पण उधार मिळालेली मतं तिजोरीत पडली की तिथे नावानिशी वेगळी ठेवली जात नाहीत, आणि ती एकगठ्ठा मोजायचं काम तुमचे लेख करतात. तुम्ही 'प्रचंड जनादेश' लिहिता आणि जिंकलेला माणूस तो कागद दाखवत फिरतो. म्हणून माझी तुमच्याकडे मागणी आहे. निकालाच्या दिवशी मतांच्या टक्केवारीशेजारी त्या उमेदवाराबद्दलची पसंती-नापसंतीही छापा. दोन्ही आकडे मिळतात, शोधावे लागत नाहीत. प्राथमिक फेरीत किती पडली होती तेही छापा. आणि 'डोक्यावर घेतलं' हा वाक्प्रचार क्रिकेटवाल्यांसाठी राखून ठेवा.

इथपर्यंत लिहून दोन दिवस थांबले होते, कारण माझ्याच म्हणण्यात एक भोक आहे आणि ते मला दिसतंय.

मत वेगळं आणि माया वेगळी असं मी म्हणते, पण ही दोन खाती किती काळ वेगळी राहतात? २०११ मध्ये एका पाहणीत अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांना विचारलं होतं, की खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा पुढारी सार्वजनिक कामात सचोटीनं वागू शकतो का. ३० टक्के हो म्हणाले. २०१६ मध्ये तोच प्रश्न विचारला, तेव्हा ७२ टक्के हो म्हणाले. बायबल तेच होतं. मधे फक्त एक उमेदवार आला. आधी नाक दाबून मत दिलं, मग हात दुखायला लागला, मग हात काढला, आणि वास येईनासा झाला. मॅकॉनेल यांनी १३ फेब्रुवारी २०२१ ला सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं, की संसदेवरच्या हल्ल्याला ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत. दोन आठवड्यांच्या आत त्यांना विचारलं, २०२४ ला पक्षानं ट्रम्पनाच उभं केलं तर? उत्तर आलं, पाठिंबा देणार, नक्की. त्या हल्ल्यावरून ट्रम्प यांच्यावर सिनेटमध्ये चाललेल्या महाभियोगाच्या खटल्यात आमच्या टूमींनी मात्र ट्रम्प यांच्या विरोधात मत टाकलं. ते पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नव्हते, हेही सांगायला हवं.

बाईंचंही मी जवळून पाहिलं. २०१९ मध्ये आमच्या राज्यानं कायदा करून ते एका फटक्यात पक्षाला मत देणारं बटण काढून टाकलं आणि आमच्याकडे कागदी मतपत्रिका आल्या. २०२० मध्ये बाईंना ट्रम्प यांच्या नावापुढचं वर्तुळ पेननं नीट गिरवून काळं करावं लागलं. "हात थरथरला का?" मी थट्टेनं विचारलं. त्या हसल्या नाहीत. त्या वर्षी टीव्हीचा आवाज बंद नसायचा, बारीक असायचा. २०२४ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे काकडीची रोपं द्यायला गेले तर ट्रम्प यांची सभा मोठ्या आवाजात चालू होती आणि बाई त्यांच्या एका विनोदावर डोळे पुसत हसत होत्या. महागाईबद्दल त्या जे बोलल्या ते मला पटलंही. २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेलेली महागाई मीही किराणा भरताना भोगली होती. पण ते हसणं नवीन होतं. त्या नोव्हेंबरात आमची काउंटीही अगदी थोडक्या मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेली.

घरी येऊन मी नवऱ्याला हे रंगवून सांगितलं, माणसं कशी बदलतात वगैरे. तो म्हणाला, "आणि तू?"

झालं होतं असं. आदल्याच आठवड्यात, २७ जूनला, बायडन-ट्रम्प वादसभा झाली होती. दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत एक तरुण मुलगा म्हणाला, की बायडनना आता थांबवायला हवं, त्यांना वाक्यही पूर्ण करता येत नाहीये. मी त्याच्यावर चक्क ओरडले. सर्दी झाली होती त्यांना, वय म्हणजे अनुभव, तुम्हाला ट्रम्प हवेत का, असं बरंच काही. जो माणूस मला कधी आवडला नव्हता, ज्याला मी फक्त दुसऱ्याला अडवायला मत दिलं होतं, त्याच्यासाठी मी एका पंचवीस वर्षांच्या पोराला चारचौघांत गप्प केलं. महिन्याभरात बायडन यांनी स्वतःच माघार घेतली.

नवरा झोपायला गेल्यावर मी ती वादसभा पुन्हा लावली. रिमोट घेतला, आवाज बंद केला, आणि दहा मिनिटं नुसता बायडन यांचा चेहरा बघत बसले.

कळावे.
बक्स काउंटीतली एक मतदार